बाळकुमहून कराचीला

बाळकुम नाक्यावरून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी. कंटेनरची रांग लागली नसेल तर अर्ध्या तासाचे काम. आमचे निम्मे नातेवाईक तिथे, काही कल्याणला, काही कौशाला आणि अम्मींची थोरली बहीण, आमच्या खालाजान, कराचीच्या कोकण सोसायटीत.

मुंबईहून कराची समुद्राने साधारण नऊशे किलोमीटर. 1965 च्या युद्धापर्यंत बोट होती. अम्मींच्या निकाहला खालाजान बोटीनेच आल्या होत्या. नंतर सगळा द्राविडी प्राणायाम! व्हिसासाठी दिल्ली, 1976 पासून समझौता एक्सप्रेसने लाहोर आणि तिथून पुन्हा बाराशे किलोमीटर खाली. गुडघेदुखीच्या माणसाने हे कसे करावे?

18 फेब्रुवारी 2006 ला मुनाबाव-खोखरापार मार्गावर थार एक्सप्रेस सुरू झाली. एक्केचाळीस वर्षांनी तो रूळमार्ग खुला झाला. 2010 च्या हिवाळ्यात आम्ही अम्मींना घेऊन निघालो. घोडबंदर रस्त्याने बोरिवली, सूर्यनगरीने जोधपूर, मध्यरात्री भगत की कोठीहून थार. सकाळी मुनाबाव : वाळू, खेजडीची झाडे आणि तपासणीची लांबलचक रांग. डब्यात आमच्यासारखे मुसलमान होते, तसे उमरकोटकडच्या सोयरिकींचे सोढा राजपूतही. एका आजीबाईंनी लेकीसाठी बांधलेले लाडू प्रत्येकाच्या हातावर ठेवले. कुंपणातले फाटक ओलांडून झिरो पॉइंट, तिथे पुन्हा तीच उलथापालथ. कराची कँटला पोचायला रात्र झाली.

व्हिसावर फक्त कराची लिहिलेले होते. शहराबाहेर पाऊल टाकायचे नाही, चोवीस तासांत पोलिसांत नोंद करायची. ते उरकून घरी आलो तर खालाजानने सांदण आणि सुक्या जवळ्याची चटणी मांडलेली. त्यांचे पहिले प्रश्न बाळकुमचे. खाडीकाठची भातखाचरे आहेत का? पावसाळ्यात पाणी घरापर्यंत येते का? खाचरांच्या जागी टॉवर उभे राहिले, हे सांगायला अम्मींची जीभ रेटेना. दोघी बहिणी रात्रभर कोकणीत बोलत बसल्या. नातवंडांना त्यातले ओ की ठो कळत नव्हते; ती नुसती हसत होती.

8 सप्टेंबर 2012 ला इस्लामाबादेत नवा व्हिसा करार झाला. तीनऐवजी पाच शहरे, आणि पासष्ट वर्षांवरच्यांना अटारी-वाघा येथे पोचल्यावरच पंचेचाळीस दिवसांचा व्हिसा. अम्मी तेव्हा सत्तरीच्या. बॅग भरायचीच बाकी होती म्हणा ना! आपल्याकडे ही सोय 15 जानेवारी 2013 पासून मिळणार होती. नियंत्रण रेषेवरच्या चकमकीनंतर नेमकी त्याच दिवशी ती लांबणीवर पडली. ऑगस्ट 2019 मध्ये दोन्ही गाड्या थांबल्या. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीचे नाकेही बंद झाले. मारणारे कोण, आणि वाट कोणाची अडली!

आता जुम्याच्या नमाजनंतर व्हिडिओ कॉल. खालाजानना ऐकू कमी येते, म्हणून अम्मी फोनवर ओरडतात. मागच्या महिन्यात त्यांनी पासपोर्ट नवा करून घेतला. दहा वर्षांचा.