तिसरी पिढी

निर्गमाचा विसावा अध्याय मला दहाव्या वर्षी तोंडपाठ होता. नगरला आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये दहा आज्ञा न चुकता म्हटल्याबद्दल मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. बापाच्या पापाचा हिशेब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मुलांकडून घेणारा देव त्या पाठांतरात होता. ते वाक्य लांबलचक, तिथे बरीच मुलं अडखळत. मी ते खणखणीत म्हणत असे.

त्याच वर्षी धाकटा भाऊ बहिरा असल्याचं कळलं. घरी प्रार्थनेला माणसं जमली. प्रार्थना आटोपल्यावर मंडळीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी आजोबांच्या दारूचा विषय काढला आणि हेच वचन म्हटलं. आई कपांत चहा ओतत होती. तिचा हात हलला, चहा बशीत सांडला. तिनं ती बशी बाजूला ठेवली आणि त्यांना दुसरी कोरडी बशी दिली. मी कोपऱ्यात बोटं मोजत होते. आजोबा एक, बाबा दोन, आम्ही तीन. मग मला ऐकू कसं येतं, हे कुणाला विचारायची माझी छाती झाली नाही.

कॉलेजात असताना अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायातलं सोळावं वचन माझ्या नजरेला पडलं. मुलाच्या गुन्ह्यासाठी बापाला आणि बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला देहदंड देऊ नये, असा मोशेच्याच नियमशास्त्राचा हुकूम! पुढे यहूदाचा राजा अमस्या वडिलांच्या मारेकऱ्यांना ठार करतो, पण त्यांच्या मुलांना हात लावत नाही, आणि तिथे आधार याच हुकुमाचा दिला आहे. मी धावत पाळकांकडे गेले. ते म्हणाले, हा नियम माणसाच्या न्यायासनासाठी आहे. निर्गमात सांगितलंय ते पापाचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात ते. उत्तर खोटं नव्हतं. बापाच्या व्यसनाची झळ लेकरांना लागते, हे बाबांच्या बालपणाकडे पाहून मला कळत होतं. पण बहिऱ्या भावाला ते उत्तर लागू पडत नव्हतं. आणि माणसाला जे करायची बंदी, ते देवानं करावं, हेही मनाला पटेना.

यहेज्केल वाचला तेव्हा जीव थोडा थाऱ्यावर आला. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलला नेलेल्या बंदिवानांमधला हा संदेष्टा. द्राक्षं आंबट खाल्ली बापांनी आणि दात आंबले मुलांचे, अशा अर्थाची म्हण त्या लोकांच्या तोंडी होती. अठराव्या अध्यायात तो ती म्हणच बंद करायला लावतो. ज्याचं पाप, त्यालाच मरण. यहुदी रब्बींनीही हा पेच लपवला नाही. मोशेनं ठरवलेल्या चार गोष्टी चार संदेष्ट्यांनी येऊन रद्द केल्या, असं तालमुदात एक रब्बी सांगतात, आणि पिढ्यांच्या शिक्षेची गोष्ट यहेज्केलानं रद्द केली, असं त्यांचं म्हणणं. इतकं स्पष्ट बोलण्याचं धैर्य मला आमच्या भाष्यकारांत क्वचितच दिसलं.

तरी एक प्रसंग कशातच बसत नाही. दुसऱ्या शमुवेलाचा एकविसावा अध्याय. तीन वर्षांचा दुष्काळ, कारण शौलानं गिबोनी लोकांना मारलं होतं. शौल मेलेला. म्हणून दावीद त्याचे सात मुलगे-नातू गिबोन्यांच्या हवाली करतो, आणि ते त्यांना डोंगरावर टांगतात. त्यांतल्या दोघांची आई रिस्पा खडकावर गोणपाट अंथरून बसते. सातूच्या कापणीपासून पाऊस पडेपर्यंत ती दिवसा पाखरांना आणि रात्री श्वापदांना प्रेतांजवळ येऊ देत नाही. बातमी दाविदाला कळते. तो शौल-योनाथानाच्या अस्थी आणवतो, टांगलेल्यांच्या अस्थीही गोळा होतात, दफन होतं. त्यानंतर देवानं देशासाठी केलेली विनवणी ऐकली, असं तिथे लिहिलंय. सातांना टांगल्यावर लगेच ऐकली, असं लिहिलेलं नाही. हा क्रम मला वयाच्या पन्नाशीत दिसला. ती हत्या न्याय्य होती, असं मला कुणीही पटवून देऊ शकणार नाही. त्या अध्यायात मी रिस्पेच्या बाजूनं उभी आहे.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू दोघांचंही नाव घेत नाही. कुणाच्या घरी आजारी लेकरासाठी प्रार्थनेला जाल, तर निर्गमाचं पान मिटलेलं राहू द्या आणि हे उघडा.