अंजनेरीचे कंदील

नाशिकहून त्र्यंबकला जाताना डाव्या हाताला अंजनेरी उभा असतो. हनुमंताचा जन्म इथला, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. पावसाळ्यात अंजनीमातेच्या दर्शनाला चढणाऱ्यांच्या पायांशी, कातळावरच्या बोटभर मातीत, एक कंदीलपुष्प उमलते. शास्त्राने त्याला डोंगराचेच नाव दिले आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. या प्रजातीची नोंद झाली २००६ मध्ये. उत्तर सह्याद्रीच्या मोजक्या डोंगरमाथ्यांपलीकडे ती कुठेच उगवत नाही.

या फुलापुढे गुडघे टेकावेत असेच ते आहे. जमिनीखाली कंद उन्हाळाभर तहान सोसतो आणि पाऊस झाला की कोवळा दांडा वर काढतो. फुलाच्या नळीत आतल्या दिशेने वळलेले केस असतात. चिलट आत शिरते, पण त्याला परतता येत नाही. मग केस सुकतात, वाट मोकळी होते आणि परागपिंड अंगावर घेऊन ते सुटते. एवढी नाजूक व्यवस्था वणव्याने, उपटलेल्या कंदाने, वाट सोडून पडलेल्या एका पावलानेही मोडते.

याच डोंगराच्या कड्यांत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने त्यांचा घात केला. जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली तीही २००६ मध्येच. पण कायद्याने गिधाडाचे पोट भरत नाही. हरसूलकडच्या खोरीपाड्यात गावकरी आणि वनखाते मेलेली जनावरे गिधाडांसाठी ठेवू लागले, हे मला फार मोठे काम वाटते.

अंजनेरी २०१७ मध्ये संवर्धन राखीव झाला. त्याआधी, २००८ मध्ये, नाशिकजवळच्याच बोरगडाला तो मान मिळाला होता. अशा राखीव क्षेत्राच्या समितीत ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीला कायद्यानेच जागा आहे. ती जागा नावापुरती राहता कामा नये. कोणत्या उतारावर गवत कधी कापायचे, वणवा कुठून शिरतो, हे गुराख्याला ठाऊक असते. कंद कशाने तगतो हे संशोधकाला. दोघे एका बैठकीत बसले तरच हा डोंगर वाचेल.

दर्शनाला जरूर या. पायवाट सोडू नका, कंदाला हात लावू नका, आणि फुलाचा फोटो टाकलात तर त्याची नेमकी जागा कुणाला सांगू नका.