खिडक्यांची खिंड

बांधकाम खात्यात ३० वर्षे ज्याने कच्चे रस्ते पक्के करविले, त्याने निवृत्तीनंतर कच्च्या रस्त्यासाठी इटलीतील सूझा गाठावे, हा दैवाचा विनोदच! तेथून सायकलीने ‘कोल्ले देल्ले फिनेस्त्रे’, म्हणजे खिडक्यांची खिंड, चढू लागलो. उंची २१७८ मीटर. शेवटचे सुमारे ८ किलोमीटर निव्वळ खडी. जीरो शर्यत २००५ साली प्रथम येथून गेली. जोर लावण्यासाठी उभा राहिलो, तो भार सुटून मागचे चाक जागीच गरगरले. टायरची हवा थोडी सोडली आणि बसूनच पायडल मारीत निघालो. दोन वळणे उरली असता छातीत कळ आली. पत्नीस दिलेले वचन आठवले, उतरलो. जुन्या खोडीने खडी पायाने दाबून पाहिली. दबाई चांगली होती. कळ थांबल्यावर सायकल हाती धरून सावकाश माथा गाठला. फोनवर तिला मात्र ‘पोहोचलो’ एवढेच सांगितले.