पाच ग्रॅमच्या अलीकडची माणसं

अमली पदार्थविरोधी कायद्या,

14 नोव्हेंबर 1985 रोजी तू अमलात आलास, तेव्हा मी सातवीत होते. नायगावच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सहा जण राहायचो. आमच्या मजल्यावर तुला 'एनडीपीएस' म्हणून ओळखणारे एकटे माझे अण्णा. ते पोलिसात हवालदार होते. बाकीच्यांना तू माहीत झालास तो बाळ्यादादामुळे.

बाळ्यादादा समोरच्या खोलीतला. त्याचे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि ते पुन्हा कधी कामावर गेले नाहीत. काकू पोळ्या लाटायच्या कामाला लागल्या. बाळ्यादादा आधी नाक्यावर उभा राहायला लागला, मग गर्द ओढायला. पॅसेजच्या टोकाला, संडासाकडच्या अंधारात, मी त्याला एकदा पाहिलं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी हातात, तिच्यावर चिमूटभर पूड, खाली काडी. पूड वितळून तिचा तपकिरी थेंब चांदीवरून घरंगळायला लागला, की त्याच्यामागे तोंडात नळी धरून तो वाकायचा. एवढं लक्ष लावून त्याने दहावीचा पेपरही लिहिला नसेल. मला पाहून म्हणाला, "जा गं घरी, अभ्यास कर."

तो पुडीसकट सापडला. कोणत्या चौकीत नेलं ते इथे सांगत नाही. पहिल्या रात्रीच टर्की लागली. नाका-डोळ्यांतून पाणी, उलट्या, अंग असं दुखायचं की गजांवर डोकं आपटायचा. काकू ग्लुकोजचं पाणी घेऊन बाहेर बाकावर बसून राहिल्या. पुण्यातल्या मुक्तांगणचं नाव त्यांच्या कानावर आलं होतं. पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ते 1986 मध्ये सुरू केलं होतं. पण जामिनाला पैसे नव्हते, आणि पोरगं आत असताना पुण्याला न्यायचं कुणाला?

काही महिन्यांनी तो सुटला. अंग भरलं होतं, चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. काकूंनी शिरा केला. तिसऱ्या दिवशी गच्चीवर दोन मित्रांबरोबर त्याने पूर्वीच्याच मापाने ओढलं. ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती, म्हणून आज लिहिते: काही महिने नशा सुटली की शरीराची सवय उतरते, आणि कालपर्यंत पचणारी मात्रा जीव घेते. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस अशा माणसाला सगळ्यात घातक. त्याचा श्वास मंद झाला, ओठ निळे पडले. केईएम टॅक्सीने दहा मिनिटांवर. पण ती दोघं पोरं पळाली, आमच्याच दारावरून. आत हवालदार झोपलाय हे त्यांना ठाऊक होतं.

हे 1990 च्या हिवाळ्यातलं. त्याच्या आदल्या वर्षी तुझ्यात दुरुस्ती झाली होती. त्याच एका दुरुस्तीत तुला 31अ कलम मिळालं, मोठ्या साठ्याच्या दुसऱ्या गुन्ह्याला सक्तीची फाशी. आणि त्याच दुरुस्तीत 64अ मिळालं, थोड्या प्रमाणात सापडलेला व्यसनी आपणहून उपचाराला तयार असेल तर त्याच्यावर खटला नाही. फास आणि दार एकाच कागदावर आले. फाशीची बातमी नायगावपर्यंत पोचली. दाराची गोष्ट वर्दीतल्या अण्णांपर्यंतसुद्धा पोचली नाही.

फासाचं पुढे काय झालं ते तुला माहीतच आहे. 2011 मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली, आणि 2014 मध्ये तुझ्यात बदल होऊन फाशी न्यायाधीशाच्या विवेकावर आली. दाराचं मात्र अजून तसंच चाललंय. 64अ कलम पुस्तकात आहे. पण पोराच्या खिशात पुडी सापडलेल्या किती आयांना ते कुणी समजावून सांगतं?

तुला रद्द करा, असं मी म्हणत नाही. कारखाना घालून माल बनवणाऱ्याला, शाळेच्या फाटकाशी पुड्या पोचवणाऱ्याला धाक हवाच. दारूबंदी मागणाऱ्या बायकांनाही मी नावं ठेवणार नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला उठली, तेव्हा तिथल्या कित्येक बायका मनापासून कळवळल्या. मतपेटीत आडवी बाटली पाडणाऱ्या बाईला मी ओळखते, तिच्या पाठीवरचे वळ मी पाहिलेत. पण तिला दुकान बंद हवं असतं. माझ्या पोराला आत टाका, असं त्यातली एकही बाई म्हणत नाही. तुझ्या 27 व्या कलमाने मात्र नुसत्या सेवनाला वर्षापर्यंत कैद ठेवली आहे.

आज हेरॉइनचं, म्हणजे गर्दचं, पाच ग्रॅमपर्यंतचं वजन तू 'अल्प' मानतोस. त्या पाच ग्रॅमच्या अलीकडे बाळ्यादादा असतात. त्यांच्यासाठी काय करता येतं, हेही आता आपल्याला माहीत आहे, याच शहरात. 'संकल्प' संस्थेची माणसं टोचून घेणाऱ्यांना स्वच्छ सुया देतात, जखमा धुतात. एचआयव्हीला आळा घालायला सरकारच्याच एड्स नियंत्रण कार्यक्रमात ब्युप्रेनॉर्फिन दिलं जातं. जिभेखाली विरघळणारी ती गोळी रोज केंद्रावर, समोर बसून घ्यायची. टर्की लागत नाही, पुडीच्या पैशासाठी चोरी करावी लागत नाही, माणूस कामावर जातो. नशेच्या बदल्यात नशाच दिली की, असं लोक म्हणतात. माझं उत्तर एवढंच, की गोळी घेणारा उद्या पुन्हा केंद्राच्या दारात येतो, आणि येणाऱ्याशी बोलता येतं.

एमडीचं तसं नाही, हे मान्य करते. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते 2015 ला तुझ्या यादीत आलं. त्याच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी बदली गोळी नाही. तिथे बोलणं, झोप, घरच्यांचा धीर, डॉक्टर, आणि पुन्हा घसरलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यासाठी तर पोरगं लपून न राहता समोर यायला हवं.

म्हणून मागते ते असं. पहिल्यांदा पुडीसह सापडलेल्याला 64अ त्याच्या भाषेत, त्याच्या आईसमोर वाचून दाखवणं पोलिसावर बंधनकारक कर. कोठडीत टर्की लागली तर डॉक्टर बोलाव. सुटणाऱ्याला फाटकावरच सांग, की आता जुनं माप मरण आहे. आणि गच्चीवर मित्र निळा पडला म्हणून टॅक्सी बोलावणाऱ्यावर त्या रात्रीपुरती केस नको, असं स्पष्ट शब्दांत लिही.

चाळी आता पाडून टॉवर होतायत. खोली सोडायच्या आधी अण्णा पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते. काकूंच्या बंद दाराकडे बघत म्हणाले, "त्या पोरांनी माझं दार वाजवलं असतं, तर मी आधी गाडी बोलावली असती की नावं विचारली असती? मला अजून सांगता येत नाही गं."

नायगावची,
एका हवालदाराची मुलगी