घारीचा घास

स्वातंत्र्यदिनी दिल्लीचे आकाश पतंगांनी गजबजते. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून बंदी आहे. तरीही पंख चिरलेल्या घारी खाली कोसळतातच. लाल किल्ल्यासमोर जैनांचे पक्ष्यांसाठी धर्मार्थ रुग्णालय आहे. तेथे मुक्काम मात्र शाकाहारी पक्ष्यांनाच. त्या व्रताला मी नावे ठेवणार नाही. पण घारीने जावे कोठे? वजीराबादच्या नदीम व सऊद या बंधूंनी तिला आसरा दिला. शौनक सेन यांच्या २०२२ मधील चित्रपटामुळे ही गोष्ट जगास कळली.

रामकृष्णपुरममधील आमच्या सरकारी क्वार्टरात मांस शिजत नाही. तथापि पगार झाला की त्या बंधूंना मी यथाशक्ति काही रक्कम धाडतो. तिचे काय विकत घेतले जाते, हे सौभाग्यवती जाणून आहेत.

"घारीला का वरणभात वाढायचा?" एवढेच त्या म्हणाल्या.