नर्व्हस म्हणजे काय?

टेबल, पेन, बस हे इंग्रजी शब्द आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाहीत. पण 'नर्व्हस' या शब्दाचे तसे नाही. तो सगळेच बोलतात, पण अर्थ निराळा निराळा घेतात.

परवा आमचा दादा कबड्डीची मॅच हरून आला नि जेवलाच नाही. आई म्हणाली, "लई नर्व्हस झालाय त्यो." मी शाळेत बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "मराठी बोलताना आपण उदास माणसाला नर्व्हस म्हणतो. पण इंग्रजीत त्याचा अर्थ आहे, पुढे काय होईल या काळजीने धाकधूक वाटणे." म्हणजे मॅचच्या आधी दादा नर्व्हस होता. हरल्यावर तो नाराज झाला!

नर्व्ह म्हणजे मज्जातंतू. त्यावरून नर्व्हस हे विशेषण झाले. पण 'नर्व्हस सिस्टिम' म्हणजे घाबरट माणूस नव्हे. ती मज्जासंस्था. ती शूर माणसालाही असते.

क्रिकेटमध्ये फलंदाज नव्वदीत गेला की 'नर्व्हस नाइन्टीज' म्हणतात. शतक जवळ आले की धडधड वाढते. सचिन तेंडुलकर २००७ साली एकदिवसीय सामन्यांत तीन वेळा ९९ वर बाद झाला. तरी त्याने खेळ सोडला नाही. २०१२ साली त्याने शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक केले.

आमच्या कडेगावात मोहरमला उंचच उंच ताबूत निघतात. ते भेटीसाठी जवळ येऊ लागले की बघणाऱ्यांचा श्वास अडकतो. तेव्हा सगळे गावच नर्व्हस असते, असे मला वाटते.

माझ्या आजीला हा शब्द येत नाही. मागे तिच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. दवाखान्यात ती मला हळूच म्हणाली, "पोटात गोळा आलाय रं. माझा हात सोडू नगंस." तिचा हात गार पडला होता. दार येईपर्यंत मी तो धरून ठेवला. आता आजी सुईत दोरा स्वतः ओवते.

पोटात गोळा येणे, छातीत धडधडणे, जीव टांगणीला लागणे, कावरेबावरे होणे, असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत. इंग्रजी शब्द जरूर शिकावा, पण हेही विसरू नयेत. आणि मित्रांनो, धाकधूक वाटली तर लपवू नये. जवळच्या माणसाला सांगावे. तो हात धरतो.