'अ' कोल्ड, 'द' फ्लू आणि नुसताच डायबिटीस

मराठीत आजारांचं बरं असतं. ताप येतो, सर्दी होते, कांजिण्या येतात. विषय संपला. ऑफिसला सिक लीव्हचा मेल टाकायचा म्हटलं की मात्र आधी हा घोळ: 'अ', 'द' की काहीच नाही?

ढोबळ नियम असा. रोजच्या तक्रारींना 'अ': अ कोल्ड, अ फीव्हर, अ हेडेक. डॉक्टरी नावाच्या रोगांना काहीच नाही: मलेरिया, न्यूमोनिया, कॅन्सर. फ्लूला बहुतेक वेळा 'द'. दात दुखला तर अमेरिकन माणूस 'अ टूथेक' म्हणणार, ब्रिटिश बरेचदा नुसतंच 'टूथेक'. घ्या!

पण लॉजिक आहे हो. जे मोजता येतं त्याला 'अ'. डोकं महिन्यातून तीनदा दुखू शकतं. 'मला तीन डायबिटीस झाले' असं कोणी म्हणत नाही.

बाबांना पंधरा वर्षं डायबिटीस आहे. आर्टिकल नाही, घरातलाच झालाय तो. गेल्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला. रजेच्या मेलमध्ये त्याच्याआधी 'अ' टाइप करताना चर्र झालं. 'अ' म्हणजे एक. म्हणजे मोजणी सुरू झाली.

असो. हल्ली रोज रात्री फोन करून विचारतो, "बाबा, गोळ्या घेतल्या ना?" आकडा एकवरच थांबला पाहिजे.